दोन मिनिटांची फिल्म आणि त्यानंतरचं सगळं



साक्षरतेचा प्रचार म्हटला की एक ठरलेला देखावा असतो. भिंतीवर गेरूनं रंगवलेली घोषणा, सकाळची प्रभातफेरी, मुलांच्या हातातले फलक आणि फलकावर निळ्या शाईचा भलामोठा अंगठा. ज्या माणसासाठी ती घोषणा लिहिलेली असते, त्याला ती वाचता येत नाही. तो अंगठा मात्र त्याला बरोबर वाचता येतो. आपली टिंगल चालली आहे हे कळायला अक्षरं यावी लागत नाहीत.

आता कॉलेजातली मुलं मोबाईलवर अ‍ॅनिमेशन करायला लागली आहेत. चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या दोन जंगलजिल्ह्यांत साक्षरतेच्या कामासाठी ही कला कशी वापरता येईल, आणि कुठं तिचा उपयोग संपतो, याबद्दल आज बोलायचं आहे.

आधी थोडे आकडे. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा झाला. 2011 च्या जनगणनेत राज्याची साक्षरता 82 टक्क्यांच्या वर होती, चंद्रपूरची 80 टक्क्यांच्या आसपास आणि गडचिरोलीची 74 टक्क्यांच्या आसपास. बायकांचं प्रमाण याहून कमी. शिवाय जिल्ह्याची सरासरी फसवी असते. वडसा आणि भामरागड एकाच जिल्ह्यात मोडतात, पण त्यांच्यात फार मोठं अंतर आहे. भामरागड आणि एटापल्ली तालुक्यांत साठीच्या आजीला शाळेनं कधी गाठलंच नव्हतं. याच भागातल्या हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्पाची शाळा सुरू झाली ती 1976 साली. आजी तेव्हा शाळेत जायच्या वयाची होती, पण तिच्या गावापासून हेमलकशापर्यंत मध्ये दोन नाले आणि एक पावसाळा होता.

या आजीसाठी सध्या सरकारची योजना आहे ती 'उल्लास', म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम. 2022 ते 2027 असा तिचा कालावधी. वय 15 आणि त्यापुढचे सगळे निरक्षर त्यात येतात. शिकवणारे स्वयंसेवक असतात आणि त्यांना मानधन नाही. शेवटी 150 गुणांची चाचणी असते: वाचन 50, लेखन 50, संख्याज्ञान 50. महाराष्ट्रात अशी पहिली चाचणी 17 मार्च 2024 रोजी झाली. नातवाच्या बाकावर बसून पेपर सोडवणाऱ्या आज्यांचे फोटो त्या सुमारास पुष्कळांनी पाहिले असतील. मानधन नसल्यामुळं सगळा भार येतो तो विद्यार्थ्यांवर. त्यांच्या हातात वेळ असतो आणि मोबाईलही असतो.

मोबाईलवर अ‍ॅनिमेशन करायला स्टुडिओ लागत नाही. वस्तू जराशी हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा जराशी हलवायची, पुन्हा फोटो. सेकंदाला 12 फोटो धरले तर मिनिटाला 720, दोन मिनिटांच्या फिल्मला 1440. मोबाईल हलू नये म्हणून बांबूची घोडी करावी, बांबूला आपल्याकडं तोटा नाही. मोहाची फुलं, टोळी म्हणजे मोहाच्या बिया, धान, तेंदूची पानं, कुंभाराची माती हे सगळं सामान अंगणातलं. हे काही परदेशातून आलेलं खूळ नव्हे. दादासाहेब फाळक्यांनी 1912 च्या सुमारास कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाचं रोज थोडं थोडं चित्रण करून 'अंकुराची वाढ' दाखवली. ती पाहून पैसे देणाऱ्यांचा विश्वास बसला आणि 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढं आला. पुढं 1915 मध्ये त्यांनी आगकाड्याच नाचवल्या, 'आगकाड्यांची मौज' नावानं. मराठी माणसाच्या सिनेमाची सुरुवातच अशी एकेक चित्र जुळवून झालेली आहे.

कला हाताशी आहे, खरी अडचण गोष्टीची आहे. विद्यार्थ्यांच्या बहुतेक फिल्म्समध्ये एक हताश म्हातारा असतो, त्याला कोणीतरी फसवतं, मग शहरी कपड्यांतला मुलगा येतो, पाटी देतो आणि सूर्य उगवतो. हा सूर्य आता खरंच मावळू द्यावा.

अ‍ॅनिमेटर राम मोहन यांनी युनिसेफसाठी केलेली 'मीना' ही मालिका आठवून पाहा. शाळेत फक्त भाऊ जातो, मीनाला घरकाम. तिचा पोपट मिठू शाळेच्या खिडकीत बसून पाढा ऐकतो आणि घरी येऊन तिला शिकवतो. मीना कोंबड्या मोजते, एक कमी भरते आणि चोर सापडतो. सगळ्या गोष्टीत 'शिका' असा उपदेश कुठं नाही. मोजता आलं म्हणून कोंबडी परत मिळाली, एवढंच. बघणाऱ्याला पुढचं आपोआप कळतं.

आपल्या जंगलातली कोंबडी म्हणजे तेंदूपत्ता. मे महिन्याचं ऊन तापायच्या आत पहाटे पानं तोडायची, घरी आणून सगळ्यांनी मिळून पुडकी बांधायची, एका पुडक्यात 70 पानं. मग फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायची. मुन्शी कार्डावर आकडा लिहितो. वर्षाच्या रोख कमाईचा मोठा वाटा त्या आकड्यावर ठरतो आणि कार्ड ज्याच्या कमरेला असतं त्याला तो वाचता येत नाही. मी मुन्श्यांवर आळ घेत नाही. पण आपल्या कष्टाचा हिशेब दुसऱ्याच्या प्रामाणिकपणावर सोडून का द्यायचा? आता तर पेसा आणि वनहक्क कायद्यामुळं अनेक ग्रामसभा तेंदू आणि बांबू स्वतः विकतात. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हापासून हा रस्ता मोकळा झाला. मुन्शी गेला तरी वही राहिलीच. ती वही सभेतल्या चार जणांनाच वाचता येत असेल, तर मालकी कागदावर सगळ्यांची आणि हिशेब चौघांचा. दोन मिनिटांची फिल्म करायची तर ही करावी: पानांची पुडकी आपली आपण चालत येतात, रांगेत बसतात, आणि कार्डावरचा आकडा त्यांच्याशी जुळत नाही.

आणि ती कुणाच्या भाषेत करायची? अ‍ॅनिमेशनची खरी ताकद मला इथंच दिसते. खरा माणूस बोलताना दाखवला की त्याचे ओठ एकाच भाषेत हलतात. मातीच्या बाहुलीला किंवा तेंदूच्या पानाला ओठ नसतात. चित्रं एकदाच काढा, आवाज हवे तितके भरा. भामरागडला माडिया, धानोऱ्याला गोंडी, कोरचीकडं छत्तीसगढी, सिरोंच्याला तेलुगू, मुलचेऱ्याच्या वसाहतींत बंगाली आणि ब्रह्मपुरी-वडशाकडं झाडीबोली. प्रमाण मराठी यातल्या कुणाच्याच घरात बोलली जात नाही, माझ्याही नाही. आवाज गावातल्याच माणसांचा घ्यावा. ज्या बाईनं माडियात आवाज दिला, ती पुढं ती फिल्म गावभर दाखवत फिरेल. रेंज नसली तरी बिघडत नाही, फिल्म एका मोबाईलमधून दुसऱ्यात जाते.

जनगणनेच्या व्याख्येत कुठल्याही भाषेत समजून वाचता-लिहिता येणारा माणूस साक्षर धरला जातो. तरीही आपण साक्षरता म्हणजे मराठी असं धरून चालतो. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं 2019 साली स्वतः गोंडी माध्यमाची शाळा काढली, तिच्या मान्यतेचा वाद न्यायालयापर्यंत गेला. त्या वादात मी आज शिरत नाही. पण लोकांना आपल्या भाषेत शिकायचं आहे, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा?

निरक्षर माणूस बिनडोक नसतो, हे गडचिरोलीनंच साऱ्या जगाला दाखवलं आहे. 1986 साली डॉ. अभय आणि राणी बंग इथं आले आणि त्यांच्या 'सर्च' या संस्थेचं काम सुरू झालं. बाळाला न्यूमोनिया झाला का, हे श्वास मोजून ओळखता येतं. पण गावच्या सुईणीला पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हतं. म्हणून त्यांनी वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं एक साधन तयार केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं तर श्वास जास्त आहेत. त्यावर सुईणी निदान करू लागल्या. फिल्म करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानं हे साधन एकदा बघून यावं. साधन बनवणाऱ्यांनी सुईणीला काय येत नाही यावर व्याख्यान दिलं नाही, तिला काय येतं तिथून सुरुवात केली.

फिल्म दाखवायची कुठं, हा प्रश्न झाडीपट्टीत पडायला नको. धान कापून झालं की वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात आणि रात्र-रात्र नाटक चालतं. दोन अंकांच्या मध्ये दोन मिनिटं मागून घ्यावीत. एवढा प्रेक्षक कुठल्याही शासकीय मेळाव्याला मिळणार नाही, तोही स्वतः तिकीट काढून आलेला.

आता जिथं फिल्म संपते तिथलं बोलू. 1959 साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावंच्या गावं साक्षर झाली, गौरव समारंभ झाले, मोहीम राज्यभर गेली आणि 1972 मध्ये तिला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. पण पुढं सराव राहिला नाही, वाचायला काही हातात आलं नाही आणि शिकलेले कित्येक जण अक्षरं विसरले. उत्साह कमी पडला म्हणून नव्हे, समारंभानंतर कोणी परत गेलं नाही म्हणून. विद्यार्थ्यांच्या फिल्मचंही हेच होतं. स्पर्धेत बक्षीस मिळतं, बातमी छापून येते, गावाला ती दाखवायची राहून जाते.

राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्यानं दोन वर्षांत 240 तास द्यायचे असतात, शिवाय सात दिवसांचं शिबिर. त्या शिबिरात बहुधा रस्ता झाडला जातो. झाडू द्या, पण 240 तासांत दोन माणसं सहज वाचायला शिकतात. अट एवढीच की तास त्यांच्या सोयीचे हवेत. मार्च-एप्रिलला मोह, मेमध्ये तेंदू, पावसाळ्यात रोवणी, दिवाळीच्या आसपास कापणी. पुष्कळ कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात जातात. कॉलेजचं वेळापत्रक यातल्या कशाशीच जुळत नाही आणि जुळवून घ्यायचं आहे ते कॉलेजनं, गावानं नव्हे. मिरचीला निघालेल्या बाईच्या मोबाईलमध्ये चार धड्यांच्या चार फिल्म्स भरून दिल्या, तर तिथल्या झोपडीतही सराव चालू राहील. माझ्या मते अ‍ॅनिमेशनचा जागृतीपेक्षा मोठा उपयोग हा आहे.

विद्यापीठानं आणि प्राचार्यांनी शिकवलेल्या माणसांची नोंद विद्यार्थ्याच्या गुणांत धरावी. फिल्मला बक्षीस द्यायचंच असेल, तर ती बघून किती जण शिकायला बसले आणि चाचणीपर्यंत किती टिकले, हे विचारून द्यावं. आणि विद्यार्थीमित्रांनो, पटकथा लिहायच्या आधी एकदा गावात जा, तिथल्या बायकांना विचारा की तुम्हाला सगळ्यात आधी काय वाचता यायला हवं. कुणी बसची पाटी सांगेल, कुणी बचत गटाचं पासबुक, कुणी तेंदूचं कार्ड. त्या सांगतील तोच पहिला धडा ठेवा आणि फिल्मही त्याचीच करा.