नाव कोणत्या रकान्यात?

मी भिसेगावची. कर्जत स्टेशनाला खेटून असलेलं आमचं गाव, आता नगरपरिषदेत गेलंय. आज मला विषय दिलाय तो विधवांच्या जीवनाचा, काल आणि आज. कालचं फार बोलत नाही. फुले, कर्वे, पंडिता रमाबाई तुम्हाला ठाऊक आहेत, शाळेत धडे झालेत. मला बोलायचंय सातबाऱ्यावर. घरातले म्हणतात, हिला झोपेतून उठवलं तरी ही सातबाराच म्हणेल. म्हणू देत.

आमच्या आळीतल्या एका बाईचा नवरा गेला. दहाव्याला दीर कागद घेऊन आले. "वहिनी, इथे फक्त सही करा, नोंदीचं काम आहे." बाई रडून रडून थकलेली, डोळ्याला चष्मा नाही. कागद होता हक्कसोडपत्राचा. भातखाचर, वर थोडं वरकस. आणि आपल्याकडे आता वरकसाला काय भाव आलाय ते मी सांगायला नको, शनिवारी कर्जतला उतरणाऱ्या मुंबईकरांना विचारा, कुणाला फार्महाऊस नकोय? तिने त्या दिवशी सही केली नाही, ती केवळ चष्मा सापडला नाही म्हणून.

पुढे वारसनोंद झाली. तिने मला सातबारा दाखवला, "माझं नाव लागलं हो!" मी कागद उजेडात धरला. नवऱ्याचं नाव कंसात गेलेलं. खाली दोन दीर. आणि हिचं नाव कुठे? उजव्या कडेला, इतर हक्कात. जिथे सोसायटीचा बोजा लिहितात, तिथे बोजाच्या खाली बायको!

बायांनो, नाव लागलं एवढ्यावर खूश होऊ नका. कब्जेदारात लागलं का ते बघा. वकील म्हणतील, सातबारा हा काही मालकीचा शेवटचा पुरावा नव्हे. खरंय त्यांचं. पण जमीन घ्यायला येणारा माणूस आधी तोच कागद बघतो ना?

आता एक आपल्या घरचीच गोष्ट. पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते, लोक वडे घ्यायला उतरतात. तेवढ्यात मागून बँकर लागतात, बहुधा तीन इंजिनं. सदतीस फुटाला एक फूट असा चढ, लोणावळ्यापर्यंत २८ किलोमीटर. पुढचं इंजिन एकट्याने ती गाडी वर नेऊच शकत नाही. पण पाटीवर बँकरचं नाव असतं का? लोणावळ्याला दोन मिनिटांत सोडवतात, गाडी पुण्याला, बँकर रिकामे परत खाली. आमच्या बाया तशाच. लावणी, झोडणी, सासूचं दुखणंखुपणं, सगळं मागून रेटायचं. आणि समजा पुढचं इंजिन पळसदरीच्या पुढे बंदच पडलं, तर गाडी मागे घसरू नये म्हणून धरून कोण ठेवतं? तीच ना? मग वर पोचल्यावर सोडवायची घाई कसली? असो. उपमा ताणली तर तिचीही कपलिंग तुटेल.

२०२२ साली कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला, बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. सरकारने त्याच महिन्यात सगळ्या ग्रामपंचायतींना कळवलं, हेरवाडसारखं करा. मी टाळ्या वाजवल्या. पण कपाळावरचं कुंकू राहिलं आणि कागदावरचं नाव गेलं, तर चूल कशावर पेटवायची? शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती मोहीम काढली होती ती याचसाठी, नवरा जिवंत असतानाच बायकोच्या नावे जमीन करा म्हणून. हळदीकुंकवाला बोलावता ना तिला? मग येताना सातबारा घेऊन ये म्हणावं.

विधवेला जमिनीपासून लांब ठेवणं आपल्याकडेच आहे असंही नाही. इंग्लंडात जुन्या रिवाजाने विधवेला नवऱ्याच्या जमिनीचा तिसरा हिस्सा मिळे, पण तिच्या हयातीपुरता. आमच्याकडे १८५६ चा पुनर्विवाहाचा कायदा आला, त्याचं आपण कौतुक करतो, पण त्याचं दुसरं कलम वाचा: पुन्हा लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीवरचा हक्क गेला. उलट पॅरिसमध्ये शार्लोट गियार नावाची एक विधवा १५३७ पासून वीसेक वर्षं छापखाना चालवत होती. पुस्तकाच्या पहिल्या पानावर तिचं नाव छापलेलं असे. बघा, पुन्हा नावच आलं.

तर कायदा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून विधवेला मुलांच्या, मुलींच्या, सासूच्या बरोबरीचा हिस्सा आहे, आणि तो कायमचा. नंतर लग्न केलं तरी मिळालेला हिस्सा परत जात नाही. आणि ज्याला सगळ्याच फसतात ते: नवरा सासऱ्याच्या आधी गेला, तरी सासऱ्याच्या मागे त्याचा वाटा तिच्याकडे आणि मुलांकडे येतो. "तुझा नवराच नाही, तुझं काय इथे?" हे उत्तर चुकीचं आहे. पुन्हा सांगते, चुकीचं आहे.

मृत्यूचा दाखला काढा, वारसांचा अर्ज तीन महिन्यांत द्या. २०२५ साली सरकारने जिवंत सातबारा मोहीम काढली, तेव्हा कितीतरी मेलेली नावं हलली. तुमच्या घरची हलली का, ते बघा. फेरफार पडला की हरकतीला पंधरा दिवस असतात, त्या पंधरा दिवसांत माहेरी जाऊन बसू नका. आणि कब्जेदारात, बायांनो. उजव्या कडेला नाही.

समोरून खूण करतायत, वेळ झाली. एक मात्र राहिलंच. आपल्या ठाकरवाड्या, कातकरीवाड्यांमधल्या बायांना हा १९५६ चा कायदा थेट लागूच होत नाही. त्यांच्यात रूढी चालते, आणि रूढी सांगणारे बहुतेक पुरुषच. त्यांच्यासाठी वेगळी पंधरा मिनिटं मागणार आहे मी.