नाव नंतर सांगा, आधी बघू द्या



तीन ते आठ वर्षांची मुलं ज्या घरात आहेत, तिथल्या आईवडिलांशी, आजीआजोबांशी आणि गावोगावच्या अंगणवाडी ताईंशी मला आज बोलायचं आहे. मुलांना लहानपणीच विज्ञानाची गोडी लागावी, असं सगळ्यांनाच वाटतं. मग कोणी विज्ञानाचा संच विकत आणतं, कोणी मोबाइलवर प्रयोग दाखवतं. पण या वयाचं विज्ञान सुरू होतं ते बघण्यापासून. निवांत, पुन्हा पुन्हा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघण्यापासून.

यात अडथळा येतो तो बहुतेक वेळा आपलाच. मूल एखाद्या किड्याकडे बोट दाखवतं आणि आपण लगेच त्याचं नाव सांगून मोकळे होतो. नाव मिळालं की मुलाला वाटतं, झालं, कळलं. पाय किती, पंख आहेत की नाहीत, तो चालतो कसा, हे बघायचं राहूनच जातं. म्हणून माझी पहिली विनंती अशी, की नाव थोडं मागे ठेवा. आधी विचारा, "तुला काय काय दिसतंय?" आणि मुलाचं बोलणं पूर्ण होईपर्यंत थांबा.

आपल्या खान्देशात यासाठी वेगळं काही आणावं लागत नाही. कपाशीचंच बघा. तिला पाते लागतात, मग फुलं येतात, मग बोंडं धरतात, हे शेतकऱ्याच्या घरात सगळ्यांना माहीत असतं. पण एकच फूल रोज जाऊन पाहिलंय का कोणी? आज सकाळी उमललेल्या फुलाच्या देठाला मुलाच्या हातानं रंगीत दोरा सैलसर बांधा. सध्या आपल्याकडे जी कपाशी लावतात, तिचं फूल पहिल्या दिवशी पांढरट, सायीच्या रंगाचं असतं. दुसऱ्या दिवशी तेच फूल गुलाबी झालेलं दिसतं. पुढे ते कोमेजतं, गळतं आणि मागे छोटंसं बोंड दिसू लागतं. दोरा नसेल तर मुलाला वाटेल, झाडावर पांढरी फुलं वेगळी आणि गुलाबी वेगळी. दोरा बांधला की ते स्वतःच शोधून काढतं, की हे कालचंच फूल आहे! हा आनंद त्याला आधीच सांगून टाकून हिरावून घेऊ नका. एक काळजी मात्र घ्या. फवारणी झालेल्या शेतात मुलांना अजिबात नेऊ नका. परसात किंवा कुंडीत कपाशीचं एखादं झाड लावलं तर ते सगळ्यात चांगलं.

रावेर-यावलकडच्या घरांना केळीची बाग आहेच. बाग निसवली की घडातली कोवळी केळी आधी खाली तोंड करून असतात आणि वाढता वाढता वर वळतात. आठवड्यातून एकदा मुलाला त्याच घडापाशी न्या आणि केळ्याचं टोक कुठे आहे, ते बोटानं दाखवायला सांगा. बस, एवढंच. का वळतात, हा प्रश्न नंतरचा. चार वर्षांच्या मुलाला "का" विचारलं की ते गोंधळतं किंवा आपल्या तोंडाकडे बघून उत्तर शोधतं. "काय", "कुठे", "किती", "काल कसं होतं", हे प्रश्न त्याला पेलतात.

आता एक गोष्ट मला विशेष आग्रहानं सांगायची आहे. मुलाला त्याच्या घरच्या बोलीत सांगू द्या. धुळ्याकडचं मूल अहिराणीत सांगेल, जळगाव-भुसावळकडचं लेवा बोलीत किंवा तावडीत, सातपुड्याच्या पायथ्याचं पावरीत किंवा भिलीत. ते बोलत असताना प्रमाण भाषेची दुरुस्ती सुरू केली, तर बघितलेलं सगळं मनातच राहतं आणि मूल गप्प होतं. या बोलींत पिकांचे, पाखरांचे, मातीचे, पावसाचे शब्द भरपूर आहेत. आपल्या बहिणाबाई चौधरींकडे बघा. 1880 साली असोद्याला जन्मलेल्या या बाईला लिहितावाचता येत नव्हतं. पण सुगरणीचा खोपा, शेतातली कामं, घरातलं जातं हे त्यांनी इतकं बारकाईनं पाहिलं, की त्यांच्या निधनानंतर 1952 साली निघालेला त्यांच्या गाण्यांचा संग्रह आजही घरोघरी वाचला जातो. आणि ते सगळं त्यांनी सांगितलं ते आपल्या बोलीत.

सुगरणीचे खोपे पावसाळ्यात आजही बाभळीवर, विहिरीच्या काठाला लोंबताना दिसतात. मुलांना घेऊन लांब उभे राहा, खोप्याला हात लावू नका. गवताचे लांब धागे कोण आणतंय, ते बघायला सांगा. पिवळ्या डोक्याचं पाखरू आणताना दिसेल. तो नर. पण हे तुम्ही शेवटी सांगा.

घरातही खूप काही आहे. नवरात्रात आपण घटाभोवती धान्य पेरतो. त्या वेळी दोन वाट्यांत माती घालून मुलाला गहू पेरू द्या. एक वाटी उजेडाच्या खिडकीत, दुसरी बंद कपाटात. पाणी दोन्हींना सारखंच. काही दिवसांनी एकीतले अंकुर हिरवे आणि दुसरीतले पिवळट, उंच, लुळे दिसतील. रोज एक चित्र काढू द्या. चित्र वाकडंतिकडं आलं तरी तुम्ही खोडरबर हातात घेऊ नका. कुठली रेघ कशाची, ते मुलालाच विचारा.

मोठ्या, म्हणजे सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी सावली फार छान. अंगणात एक सरळ काठी रोवा आणि महिन्यातून एकदा भर दुपारी तिची सावली आखून ठेवा. डिसेंबरच्या शेवटी ही सावली जवळजवळ काठीएवढी लांब असते. पुढे ती आखडत जाते आणि 25 मेच्या सुमारास, साडेबाराला थोडा वेळ असताना, जळगाव-धुळ्यात काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. सूर्य बरोबर डोक्यावर येतो. कर्कवृत्ताच्या उत्तरेला, दिल्लीला, हे कधीच दिसत नाही. आपल्या अंगणात दिसतं. मे महिन्यातलं आपलं ऊन साऱ्यांना ठाऊक आहे, तेव्हा मुलांना सावलीत बसवा, दोन मिनिटं बाहेर आणा आणि सूर्याकडे बघू देऊ नका.

ताईंना वाटेल, एवढी मुलं घेऊन हे कसं जमायचं? बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला बालवाडी सुरू केली आणि पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडला काम केलं. गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरवली. पानं, बिया, खडे हीच त्यांची साधनं. तुमच्या अंगणवाडीबाहेर एखादा निंब असेलच. प्रत्येक मुलानं त्याचं एक गळलेलं पान उचलावं, नीट बघावं, मग सगळी पानं एकत्र करून त्यातून आपलं पान ओळखून काढावं. त्यासाठी दहा मिनिटं पुरतात.

या आठवड्यात एकच करा. घराजवळचं एक झाड मुलाला निवडू द्या आणि रोज पाच मिनिटं त्याच्याबरोबर तिथे उभे राहा. मोबाइल घरी ठेवा आणि मूल सांगेल ते ऐका.