गल्ल्या आणि हमरस्ते
(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचा संक्षेप)

अध्यक्षमहाराज, आणि आरतीनंतर प्रसाद घेऊनही घरी न जाता थांबलेल्या श्रोतेहो,

बालपणापासून मोठेपणापर्यंत मेंदूची आतली जोडणी कशी बदलते, हा आजचा विषय. मी डॉक्टर नाही. बत्तीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले, एवढाच माझा अधिकार.

आपल्यातले बरेचजण सुलतान बाजार, काचीगुड्याच्या गल्ल्यांत वाढले. दळण, दूध, शाळा, सगळे चालत जाण्याच्या अंतरावर. मियापूरला जायचे म्हणजे दिवस मोडायचा. 2017 मध्ये मेट्रो आली आणि लांबचे जवळ झाले. मेंदूचेही काहीसे असेच होते. सहा वर्षांच्या मुलाचा मेंदू आकाराने मोठ्यांच्या सुमारे 90 टक्के झालेला असतो. पुढची वीसेक वर्षे काम चालते ते रस्त्यांचे. लहान मुलात शेजारशेजारचे भाग एकमेकांशी जास्त जोडलेले असतात. वयाबरोबर कपाळामागचा भाग आणि पार मागचा भाग असे दूरचे भागही एका कामासाठी एकत्र येऊ लागतात. न वापरलेले सांधे छाटले जातात. उरलेल्या तंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध वेष्टण चढते, आणि निरोप कितीतरी पट वेगाने धावतो.

यात एक गंमत झाली. मुले एमआरआय यंत्रात स्वस्थ पडत नाहीत. डोके जरासे हलले तरी जवळच्या जोडण्या खऱ्यापेक्षा घट्ट आणि लांबच्या कच्च्या दिसतात, हे 2012 च्या सुमारास ध्यानात आले. म्हणजे आधीच्या निष्कर्षांतला थोडा भाग मुलांच्या चुळबुळीचा होता! बदल खरा आहे, पण वाटला होता तेवढा मोठा नाही.

सर्वांत शेवटी पक्का होतो तो कपाळामागचा भाग, जो आवर घालतो, परिणामांचा विचार करतो. विशी उलटली तरी तिथले काम चालूच असते. माझा मुलगा सोळाव्या वर्षी मित्राला मागे बसवून टँक बंडवर भरधाव गेला, पडला, हात मोडून घेतला. मी दवाखान्यातच ओरडलो, "अक्कल आहे की नाही?" अक्कल होती. एकटा असता तर कदाचित हळू चालवलीही असती. मित्रांसमोर, ऐन क्षणी ती पोचायचा रस्ता अजून पुरा झाला नव्हता. वर्गात मेंदूची आकृती काढणाऱ्याला हे घरी सुचले नाही. ते बोलणे त्याने पुढे कित्येक वर्षे लक्षात ठेवले.

नातवाशी मराठीत बोललो तर त्याचे इंग्रजी कच्चे राहील का, असे इथे दरवर्षी कुणीतरी विचारते. अनेक भाषांनी मूल गोंधळते याला आधार नाही. आपल्याच पंजागुट्ट्याच्या निम्समध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या 648 रुग्णांचा अभ्यास केला; तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झालेला दिसला, निरक्षरांतसुद्धा. भाषेनेच हे घडले असे त्यावरून छातीठोक म्हणता येत नाही, आणि चार भाषांनी मूल हुशार होते असेही मी म्हणणार नाही.

आमचा नातू आजीशी मराठीत भांडतो, वॉचमनशी तेलुगूत गप्पा मारतो आणि क्रिकेट खेळताना दखनीत शिव्या देतो. आजी तिन्ही भाषांत रागावते. आता प्रश्न विचारा, दहाला ध्वनिक्षेपक बंद करायचा आहे.