निवारा आणि घर यांमधील पायरी
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंतील भाषण)



ज्युबिलीच्या दिवशीं देवळाच्या भिंतींचें कौतुक करणें योग्यच आहे. परंतु ज्यांस भिंतीच नाहींत त्यांजविषयीं दोन शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे. २०११ सालच्या शिरगणतींत आपल्या देशांत सुमारें १७ लाख ७३ हजार माणसें बेघर आढळलीं. रात्रीपुरती जागा दिली म्हणजे त्यांचें भागलें, असें पुष्कळांस वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं.

एकटा मनुष्य धर्मशाळेंत रात्र काढूं शकेल. कुटुंबाचें तसें नाहीं. रोज सकाळीं बिऱ्हाड उचलावें लागलें कीं आईची मजुरी बुडते, मुलांची शाळा सुटते, आणि ठिकाणा नसल्यामुळें शिधापत्रिका मिळणेंहि कठीण होतें. म्हणून निवारा व कायमचें घर यांच्यामध्यें एक पायरी हवी. म्हणजे कांहीं काळ हक्कानें राहतां येईल व कुलूप लावतां येईल अशी खोली.

मुंबईचें उदाहरण घ्या. १९८१ सालीं पदपथांवरील झोपड्या उठविण्याचें सरकारनें ठरविलें. प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग होय, असें न्यायालयानें १९८५ सालीं सांगितलें. तथापि पदपथावर राहण्याचा हक्क दिला नाहीं. त्याच वर्षीं 'स्पार्क' संस्थेनें पदपथवासीयांची गणना केली. पुढें भायखळ्याच्या पदपथांवरील स्त्रियांनीं 'महिला मिलन' उभारून मजुरींतून थोडी थोडी शिल्लक टाकण्यास आरंभ केला.

पुढें रेल्वेच्या विस्तारासाठीं रुळांकाठचीं कुटुंबें हलविण्याची वेळ आली, तेव्हां हा अनुभव कामास आला. २००० सालाच्या सुमारास साठ हजारांवर माणसें बळजबरीवांचून हललीं. कांहींस थेट २२५ चौरस फुटांचीं पक्कीं घरें मिळालीं. इतरांस आधीं तात्पुरते गाळे मिळाले. झोपड्यांची मोजदाद करण्यांत रहिवाशांचाच हात होता, व शेजारीपाजारी एकत्र राहिले. शेजार टिकला कीं मूल सांभाळणारें कोणी तरी असतें, व आईस कामावर जातां येतें.

परंतु मुंबईंतच 'संक्रमण शिबिर' म्हणून बांधलेल्या चाळींत कित्येक कुटुंबांनीं दशकेंच्या दशकें काढलीं आहेत. पुढचें घर ठरलें नसेल तर पायरीचाच तुरुंग होतो. यास्तव आमच्या मतें तीन गोष्टी अवश्य आहेत: खोली कामाच्या जागेजवळ असावी, भाडें थोडें कां होईना, पण घ्यावें, म्हणजे राहणाऱ्यास मिंधेपणा वाटणार नाहीं, आणि आंत येतांनाच बाहेर पडण्याचा मार्ग, म्हणजे शिल्लक, धंदा व पुढील घर, त्या कुटुंबाशीं बसून ठरवावा.

ज्युबिली-निधीचा विनियोग अद्याप व्हावयाचा आहे. त्यांतून सभागृहास नवी फरशी घालावी, अशी सूचना आहे. ती वाईट नाहीं. परंतु तेवढ्याच द्रव्यांत चार खोल्यांचा आरंभ होत असल्यास आधीं खोल्या व्हाव्यात, अशी आमची नम्र विनंति आहे. एक कुटुंब आपल्या पायांवर उभें राहून निघून गेलें कीं तीच खोली दुसऱ्यास मिळेल. फरशी जुनीच राहिली तरी सभा भरतच राहतील.