अभ्यासात जीव गुंतला की

१९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वीडनच्या मार्टन आणि सॅल्यो या संशोधकांनी विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी वाक्यं लक्षात ठेवायची धडपड केली, काहींनी लेखकाला नेमकं काय म्हणायचंय ते शोधलं. उताऱ्याचा अर्थ दुसऱ्या गटाला उमगला. घोकणं हा काही कुणाचा स्वभाव नव्हे. जसं काम समोर येतं, तसा अभ्यास होतो. आपल्या डहाणू-तलासरीत हे फार मोलाचं आहे. कीटकशास्त्राच्या नोट्स उतरवणाऱ्या विद्यार्थ्याला घोलवडच्या वाडीत नेऊन चिकू कापायला लावा. बी पोखरणारी अळी दिसली, की ती आत शिरली कधी, फवारणी केव्हा करायची, हे प्रश्न तोच विचारू लागतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला वारली पाड्यांच्या अंगणात बालशिक्षण नेलं, तेही याच विश्वासानं. महाविद्यालयानं तो का सोडावा?

अशानं अभ्यासक्रम पुरा होणार नाही, असं प्राध्यापक म्हणतात. अडचण खरी आहे, आणि पाठांतरही लागतंच. पण परीक्षा नोट्सचीच उजळणी मागत राहिली, तर वाडीत जाऊन आलेला विद्यार्थीही पुन्हा घोकूच लागेल. म्हणून आधी प्रश्नपत्रिका बदलायला हवी.