कट्ट्यावरची जागा



दादरच्या शिवाजी पार्कला सभोवार एक बुटका कट्टा आहे. त्याची एकूण लांबी १.१७ किलोमीटर भरते. महापालिकेने १९२५ साली हे मैदान लोकांना खुलं केलं, तेव्हा ते माहीम पार्क होतं. नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहामुळे १९२७ मध्ये त्याला शिवरायांचं नाव मिळालं. इथे घडलेले क्रिकेटपटू, इथे गाजलेल्या सभा तुम्हाला ठाऊकच आहेत. मला बोलायचंय ते कट्ट्याबद्दल.

या कट्ट्याला पाठ नाही. मैदानाकडे तोंड करा, नाहीतर रस्त्याकडे. शेजारी अनोळखी माणूस असला तरी अवघडल्यासारखं होत नाही, कारण दोघांचीही नजर समोरच्या खेळावर. एखादा फटका सीमेपार गेला की दोघांच्या तोंडून एकदम ‘वा!’ निघतं. दुसऱ्या दिवशी नुसती मान हलते. आठवड्याभराने विचारणा होते, ‘काल दिसला नाहीत?’ आपण नव्हतो हे कुणाच्या तरी लक्षात आलं, एवढंच. पण घरी एकट्याने राहणाऱ्याला हे विचारणारं दुसरं कोण असतं?

माझी आई गिरगावातल्या चाळीतून उपनगरात, नवव्या मजल्यावर राहायला आली. चाळीत गॅलरीत भाजी निवडायला बसलं की येताजाता चार बायका थांबायच्या. इथे दार उघडलं की लिफ्ट, लिफ्टमधून उतरलं की गाड्या. टेकायला जागा नाही. आई खाली जायचीच बंद झाली, बोलणंही कमी झालं. पुढे फाटकापाशी, बदामाच्या झाडाखाली एक बाक आला. महिन्याभरात तिला इमारतीतल्या पोरांची परीक्षा कधी आहे तेही माहीत असायचं.

मग तक्रार आली, रात्री तरुण मुलं तिथे बसतात. बाक हलवायचा विषय सभेत निघाला. आई सहसा सभेत बोलत नसे. त्या दिवशी उठून म्हणाली, ‘त्यांनी तरी जायचं कुठे? दोन खोल्यांच्या घरात मित्रांना बसवणार कुठे?’ बाक राहिला.

श्रोतेहो, तुमच्या सोसायटीच्या पुढच्या सभेत पार्किंगचा विषय निघेलच. तेव्हा एका गाडीची जागा बाकासाठी मागून घ्या. बाक सावलीत असू द्या. आणि त्याला पाठ मात्र हवी, म्हाताऱ्या माणसांना टेकता येतं.