चार किलोमीटरांची शर्यत



खुर्चीत बसलेल्या मंडळींपुढे धावण्याच्या शर्यतीवर बोलायचे, हा थोडा विनोदी प्रकार आहे हे आम्ही जाणतो. तरीही हा विषय आम्ही मुद्दाम निवडला. जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धेत पुरुषांची एक आखूड शर्यत १९९८ साली सुरू झाली आणि २००६ नंतर बंद पडली. तिचे आयुष्य अवघे नऊ वर्षांचे. ती बंद करण्यात शहाणपण होते काय, एवढाच आमचा आजचा प्रश्न आहे.

क्रॉस कंट्री म्हणजे मैदानातली आखीव धाव नव्हे. गवत, चिखल, चढउतार, क्वचित वाटेत टाकलेले ओंडके, असा तो मामला. मार्ग दर वर्षी निराळा, त्यामुळे येथे घड्याळाला फारशी किंमत नाही. पुढे कोण आणि मागे कोण, एवढेच पाहायचे. देशादेशांतली अशी स्पर्धा १९०३ साली स्कॉटलंडमध्ये प्रथम झाली आणि १९७३ साली बेल्जममधील वारेगेम गावी तिला जागतिक स्पर्धेचे रूप आले. ऑलिंपिकमध्येही ही शर्यत एके काळी होती. पण १९२४ साली पॅरिसच्या भयंकर उन्हात ३८ जण धावले, त्यांतले १५ जेमतेम पोहोचले, बाकीचे वाटेत कोलमडले. फिनलंडचा पावो नुर्मी जिंकला आणि शर्यत मात्र ऑलिंपिकमधून कायमची गेली.

जागतिक स्पर्धेत पुरुषांना सुमारे १२ किलोमीटर धावावे लागे. आता दीड हजार किंवा तीन हजार मीटर धावणारा वेगाचा गडी एवढ्या लांबच्या चिखलात कशाला पाय घालील? त्याला बोलावण्यासाठी चालकांनी सुमारे ४ किलोमीटरांची दुसरी शर्यत काढली. शनिवार-रविवार असा दोन दिवसांचा सोहळा. लांबपल्ल्याचे लोक एकीकडे, वेगाचे लोक दुसरीकडे. प्रत्येक देशाच्या पहिल्या चौघांच्या क्रमांकांची बेरीज करायची आणि जिची बेरीज सर्वांत कमी, ती तुकडी विजयी.

कल्पना वाईट नव्हती. मोरोक्कोतील मराकेश येथे पहिल्याच वर्षी केनियाचा जॉन किबोवेन जिंकला आणि त्याच्यामागे दुसरा आला तो डॅनिएल कोमेन, म्हणजे त्या वेळी तीन हजार मीटरांचा जागतिक विक्रम ज्याच्या नावावर होता तोच. वेगाचे गडी आले होते खरे. पण त्याच मराकेशला आयर्लंडच्या सोनिया ओसलिव्हनने स्त्रियांच्या आखूड आणि लांब अशा दोन्ही शर्यती जिंकल्या, आणि चालकांनी घातलेली भिंत पहिल्याच वर्षी एका बाईने ओलांडली.

पुरुषांत ते व्हायला चार वर्षे लागली. २००१ सालची स्पर्धा डब्लिनला ठरली होती. पण तिकडे गुरांत लाळ्या-खुरकुताची भीती पसरली आणि ती बेल्जममध्ये ऑस्टेंडला न्यावी लागली. (गुरांच्या रोगाने माणसांची शर्यत हलवली, हे वाचून आम्हांला मौज वाटली होती.) तेथे इथिओपियाचा केनेनिसा बेकेले हा अठरा वर्षांचा मुलगा कुमारांची शर्यत जिंकला आणि प्रौढांच्या आखूड शर्यतीत दुसरा आला. पुढच्या वर्षी डब्लिनला शनिवारी त्याने आखूड शर्यत मारली आणि रविवारी लांबही मारली. २००३, २००४, २००५, २००६, दर वर्षी तेच!

हे किती कठीण, ते नीट ध्यानात घ्यावे. आखूड शर्यत साडेअकरा-बारा मिनिटांची, पण ती जवळजवळ श्वास कोंडूनच धावायची असते. मऊ जमिनीत पाय रुतवून असे धावले की दुसऱ्या दिवशी पोटऱ्या आणि मांड्या दगडासारख्या होतात. आणि त्याच पायांनी ताज्या दमाच्या माणसांशी पस्तीस मिनिटे झुंजायचे!

त्यांतही २००५ साल आम्हांला सर्वांत मोठे वाटते. त्या वर्षी ४ जानेवारीला बेकेलेची वाग्दत्त वधू आलेम तेचाले त्याच्याबरोबर सराव करीत असताना कोसळली आणि गेली. ती अठरा वर्षांची होती. २००३ साली किशोरांच्या जागतिक स्पर्धेत दीड हजार मीटर जिंकलेली. ज्या धावण्याने दोघांना एकत्र आणले, त्याच धावण्यात तिचा अंत झाला. त्या हिवाळ्यात बंदिस्त मैदानावर बेकेले हरलाही. मार्चमध्ये फ्रान्समधील सें-गाल्मिए येथे तो उतरला, तेव्हा त्याला कोणी दोष दिला नसता, तो घरी राहिला असता तरी! शनिवारी तो जिंकला. रविवारी एरिट्रियाचा झेरसेनाय तादेसे त्याच्या मागे लागला होता, तरीही जिंकला. स्त्रियांच्या दोन्ही शर्यती तिरुनेश दिबाबाने जिंकल्या. बेकेले आणि दिबाबा दोघेही इथिओपियातील बेकोजी या एकाच लहानशा गावचे. जगभरचे धावपटू जमलेले, आणि प्रौढांची चारही वैयक्तिक सुवर्णपदके एका गावात गेली!

येथेच विरोधकांचे म्हणणे पुढे येते. एकच माणूस दोन्ही जिंकत असेल तर दोन शर्यती हव्यात कशाला? हा युक्तिवाद आम्हांला पटत नाही. एक गवई ध्रुपद आणि ठुमरी दोन्ही गातो, म्हणून ठुमरीची बैठक मोडायची काय? पुरुषांत नऊ वर्षांत हे साधले ते फक्त त्याला. बाकीच्यांना, किबोवेनला, बेंजामिन लिमोला, एनॉक कोएचला, आपले म्हणता येईल असे अंगण या शर्यतीनेच दिले. मात्र एक गोष्ट आम्ही मान्य करतो. दोन शर्यतींत देशांचे उत्तम लोक विभागले गेले आणि सगळे एकाच रेषेवर उभे राहण्याची जुनी गंमत गेली, हे खरे आहे. आम्हांला विचाराल तर ही किंमत द्यायला आम्ही तयार होतो, चालक नव्हते.

जपानमध्ये फुकुओका येथे २००६ साली आखूड शर्यत शेवटची झाली. अर्थात बेकेलेच जिंकला. पुढच्या वर्षी केनियातील मोंबासा येथे पुरुषांसाठी एकटी १२ किलोमीटरांचीच शर्यत उरली. समुद्रकाठचे दमट ऊन असे, की बेकेलेने शर्यत मध्येच सोडली, आणि सें-गाल्मिएला त्याच्या मागे राहिलेला तादेसे पहिला आला.